मागची दोन चाके

इतिहासाचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या मनात राजे, लढाया आणि तह उभे राहतात. चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट ज्यांनी लहानपणापासून पाहिला आहे त्यांच्यापुढे दुसरा कोणता इतिहास मांडावयाचा म्हणजे थोडे धाडसच होय. परंतु न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली, ती जाणत्या माणसांनी चार लोकांसमोर येऊन नाना विषयांवर बोलावे यासाठी. त्या नानाविधतेचा आधार घेऊन आम्ही आज एका अगदी हलक्या जागी राहणाऱ्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत. ही वस्तू मोटारीच्या पोटाखाली, मागच्या दोन चाकांच्या मध्ये, ओतीव लोखंडाच्या मडक्यात बसलेली असते. मोटारवाले तिला डिफरन्शियल म्हणतात. ती चालू असेपर्यंत तिची कोणी विचारपूस करीत नाही. गाडी रुतली म्हणजे मात्र सारा दोष तिच्या माथी येतो.

हा विषय आम्हांला सुचला तो एका पावसाळ्यातल्या प्रसंगावरून. रोवणीचे दिवस होते. मूलच्या अलीकडे, आतल्या एका गावी, आमच्या परिचयातील एका तरुण शेतकऱ्याची पिकअप गाडी बांधीच्या कडेला रुतली. डावे मागचे चाक रस्त्याच्या मुरमावर, उजवे चाक चिखलात, आणि पाठीवर पऱ्ह्यांच्या पेंड्या. पऱ्हे एकदा उपटले की ते लवकर लागले पाहिजेत. ताटकळत राहिले की पिवळे पडतात. बांधीवर बायामाणसे रोवणीसाठी थांबलेली, त्यांची मजुरी चालू, आणि गाडीचे हप्ते डोक्यावर. गाडी घेताना त्याने मुद्दाम थोडे अधिक पैसे मोजून मागच्या आसाला आपोआप कुलूप लागणारे डिफरन्शियल असलेली गाडी घेतली होती. एक चाक घसरू लागले की हे कुलूप दोन्ही चाकांना एक करते, असे त्याला सांगितलेले होते. प्रत्यक्षात उजवे चाक चिखलात फिरत राहिले आणि डावे जागचे हलले नाही. शेवटी ट्रॅक्टरने ओढून गाडी बाहेर काढली. पुढे शहरातल्या एका दुरुस्तीखान्यात ती दाखविली तेव्हा झाकणही न उघडता उत्तर मिळाले, “कुलूप गेले. सबंध डिफरन्शियल बदलावे लागेल.” खर्चाचा आकडा असा की, त्या वर्षीच्या धानाचा बराचसा पैसा त्यातच जावा.

हा निकाल खरा की खोटा, हे ठरविण्यासाठी या वस्तूचा जन्म कसा झाला हे पाहणे आवश्यक आहे. कोणताही भाग बिघडला असे म्हणण्यापूर्वी तो कशासाठी जन्मला हे ठाऊक असावे. आमच्या मते यंत्राचा इतिहास हेच त्याच्या दुरुस्तीचे पहिले पुस्तक होय.

मूलला चाकाचे तीन जमाने एकाच गावात दिसतात. पहिला जमाना बंडीचा. झाडीपट्टीत बैलगाडीला बंडी म्हणतात हे सर्वांस माहीत आहेच. बंडीचा आस फिरत नाही. चाके त्या आसावर आपापली फिरतात. बंडी वळली म्हणजे बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला पडतो, आतल्या चाकाला जवळचा. बाहेरचे दोन फेरे अधिक घेते, आतले कमी. दोघांत भांडण होत नाही. कारण उघड आहे. बंडीची चाके ओझे वाहतात, ओढीत नाहीत. ओढ बैलांच्या खुरांत असते. म्हणून हजारो वर्षे बंडी चालली आणि तिला डिफरन्शियलची गरज पडली नाही. चाक नीट फिरावे एवढीच काळजी गाडीवान घेत असे, आणि त्यासाठी आसाला वंगण घालीत असे.

दुसरा जमाना रेल्वेचा. गोंदिया ते चांदा फोर्ट हा फाटा बंगाल-नागपूर रेल्वेचा, अरुंद मापाचा. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो रुंद झाला. मूल-मारोडा स्थानक त्याच वाटेवर आहे. आगगाडीच्या चाकांची रीत बंडीच्या नेमकी उलट. तेथे दोन चाके आणि आस एकजीव असतात. एक फिरले की दुसरे तितकेच फिरलेच पाहिजे. मग वळणावर काय होते? चाकाची रुळावर टेकणारी कड किंचित उतरती ठेवलेली असते. वळणावर आस थोडा बाहेर सरकतो, बाहेरचे चाक आपल्या जाड भागावर चालते, आतले बारीक भागावर, आणि पल्ल्याचा फरक त्यात भरून निघतो. रेल्वेची वळणे मोठी असतात म्हणून हे जमते. तीव्र वळणावर चाके किंचाळतात ती याच कारणाने. या रीतीत एक अट मात्र फार कडक आहे. एका आसावरील दोन चाकांचा घेर अगदी सारखा पाहिजे. त्यासाठी कारखान्यात दोन्ही चाके जोडीने कातून घेतात.

तिसरा जमाना मोटारीचा, आणि येथे खरी अडचण उभी राहिली. मोटारीची मागची चाके ओझेही वाहतात आणि ओढतातही. बंडीसारखी मोकळी सोडावीत तर इंजिनाची ओढ त्यांच्यापर्यंत पोचविणार कशी? रेल्वेसारखी एका आसात जखडावीत तर गावच्या चौकात गाडी वळणार कशी? थोडा हिशेब करून पाहा. दोन चाकांत दीड मीटर अंतर आहे असे धरा. गाडीने एक पुरा वळसा घेतला तर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे साडेनऊ मीटर अधिक चालते. वळसा लहान असो की मोठा, हा फरक तेवढाच राहतो. जखडलेली चाके असतील तर हे साडेनऊ मीटर कोणाला तरी घासत जावे लागेल. टायर झिजतील, आस पिळवटेल, आणि गाडी वळावयास नाकारील.

ही अडचण पेट्रोलच्या मोटारीच्या फार आधी, वाफेच्या गाड्यांच्या काळात माणसाला भेटली. पॅरिसमधील ओनेसिफोर पेकर या घड्याळजीने १८२७ च्या सुमारास वाफेच्या रस्तागाडीसाठी डिफरन्शियलची रचना पेटंट करून घेतली. हा मनुष्य घड्याळजी होता हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. दोन गतींची बेरीज-वजाबाकी करणारी दातेरी चाके घड्याळजींना नवी नव्हती. इंग्लंडमधील जोसेफ विल्यमसन याने १७२० सालीच ती एका घड्याळात वापरली होती. १८३२ मध्ये इंग्लंडमधल्या रिचर्ड रॉबर्ट्स याने रस्त्यावरील वाफेच्या गाडीसाठी असाच एक संच पेटंट केला. त्याच्या नावाचा अर्थ ‘भरपाईचे चक्र’ असा होतो. नाव मोठे मार्मिक आहे. एका चाकाचे जे कमी झाले ते दुसऱ्याच्या पदरात टाकावयाचे, हेच त्याचे काम.

पुढे १८७७ साली कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली याने ही रचना तीन चाकी सायकलीला लावली. त्याची गोष्ट अशी सांगतात की, तो आपल्या मुलाबरोबर शेजारी शेजारी बसून पायडल मारीत चालला होता. मुलगा तरणाताठा, बाप वयस्क; मुलाच्या बाजूचे चाक पुढे पळू लागले आणि गाडी रस्त्याबाहेर गेली. तेव्हा दोघांचे बळ एकत्र करून दोन्ही चाकांना सारखे वाटून देण्याची युक्ती त्याला सुचली. १८८५ मध्ये कार्ल बेन्झने आपली तीन चाकी मोटार बांधली तेव्हा तिच्यात डिफरन्शियल होतेच. त्या दिवसापासून मोटार आणि डिफरन्शियल यांची सोबत सुटलेली नाही.

आता ही वस्तू काम कसे करते ते पाहू. इंजिनाकडून आलेला लांब दांडा एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवितो. याला क्राऊन म्हणतात. क्राऊनला एक पेटी जखडलेली असते. पेटीच्या मध्यावर दोन किंवा चार लहान दातेरी चाके आडव्या खिळीवर बसविलेली असतात आणि त्यांच्या डाव्या-उजव्या अंगांना एकेक चाक असते. त्यातील एक डाव्या आसाला जोडलेले, दुसरे उजव्या. सरळ रस्त्यावर सारा संच एकदम फिरतो. मधली लहान चाके स्वतःभोवती फिरत नाहीत. गाडी वळली की ती स्वतःभोवती थोडी फिरतात, आणि आतल्या चाकाचे जेवढे फेरे कमी होतात तेवढेच बाहेरच्या चाकाचे वाढतात.

याहून सोपा दाखला आपल्या शेतातच आहे. नांगराचे जू पाहा. जुवाच्या मधोमध ओढ बांधलेली असते आणि दोन टोकांना दोन बैल. एक बैल थोडा पुढे गेला, दुसरा मागे राहिला, तरी जू तेवढे तिरपे होते आणि दोघांचे बळ सारखेच लागत राहते. डिफरन्शियलमधली लहान चाके म्हणजे लोखंडाचे जू, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. आता असे समजा की, एका बैलाने मान काढून घेतली. दुसरा बैल कितीही दांडगा असला तरी त्याचे टोक पुढे जाईल, जू गरकन फिरेल आणि नांगर बोटभरही सरकणार नाही. सारखे वाटून देणाऱ्या रचनेचा हा स्वभाव आहे. दुबळा जेवढे सोसतो तेवढेच बळवंताकडूनही काम घेतले जाते.

चिखलात नेमके हेच घडते. समजा, चिखलातल्या चाकाला ५० किलोची पकड आहे आणि मुरमावरच्या चाकाला ५०० किलोची. गाडी हलावयास ३०० किलोची ओढ हवी. साधे डिफरन्शियल दोन्हींना सारखेच देणार, म्हणजे ५० अधिक ५०, एकूण १००. गाडी जागची हलत नाही. घसरणारे चाक मात्र क्राऊनच्या दुप्पट वेगाने फिरते. काट्यावर ताशी २० दिसत असेल तर चिखलातले चाक ४० च्या वेगाने खड्डा खणीत असते. डिफरन्शियल बिघडले म्हणून हे होत नाही. ते चोख काम करीत असते म्हणूनच होते. हे न कळल्यामुळे कित्येक चांगल्या डिफरन्शियलांची झाकणे विनाकारण उघडली गेली आहेत.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलपट्ट्यात या अडचणीची ओळख फार जुनी आहे. १९८२ पूर्वी हा एकच जिल्हा होता. आलापल्लीचे सागवान, बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे जाणारा बांबू आणि मूलच्या भातगिरण्यांकडे येणारे धान, हा सारा माल मातीच्या वाटांनी चाकांवरून आला. सिरोंचा भागात लाकूड ओढण्यासाठी हत्तीही होते, आणि कमलापूरचा हत्ती कॅम्प त्याची आठवण देतो. हत्तीचे चार पाय आपापल्या पकडीने चालतात, त्याला डिफरन्शियल लागत नाही. ट्रकला ते लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप आली. महिंद्र बंधूंच्या कंपनीने १९४७ पासून मुंबईत जीपची जुळणी सुरू केली आणि रानवाटांवर मोटार शिरली. जीपची पुढची चाकेही ओढतात, परंतु पुढे एक आणि मागे एक अशी दोन्ही डिफरन्शियले साधीच असली तर पुढचे एक आणि मागचे एक चाक घसरताच चारही चाकांची गाडी थांबते.

जुन्या चालकांनी यावर आपले उपाय काढले. चाकाखाली फांद्या आणि पाट्या घालणे, चाकाला साखळदंड बांधणे, आणि हातब्रेक अर्धा ओढून धरीत इंजिन चालविणे. हा शेवटचा उपाय मोठ्या अकलेचा आहे. ब्रेकने घसरत्या चाकाला अडविले की त्याला ओढ सोसावी लागते, आणि तेवढीच ओढ दुसऱ्या चाकालाही मिळते. परंतु जुन्या जीपवर तो चालत नसे. तिचा हातब्रेक मागच्या चाकांवर नसून गिअरपेटीमागच्या दांड्यावर होता. तो ओढला की ओढच थांबे. उपाय तोच, गाडी वेगळी, म्हणून फळ वेगळे. दुरुस्ती करणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये.

कुलपाची कल्पनाही डिफरन्शियलइतकीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातील वाफेच्या रस्ता-इंजिनांत मागचे चाक आसाला खिळीने जखडलेले असे. तीव्र वळण आले की माणूस खाली उतरून एका बाजूची खीळ काढी आणि वळण संपले की पुन्हा घाली. पुढे त्या इंजिनांना डिफरन्शियल आले तेव्हा तीच खीळ उलट कामाला आली. मऊ जमिनीत ती घालून दोन्ही चाके एक करावयाची आणि कठीण रस्ता लागताच काढावयाची. आज ट्रॅक्टरच्या चालकाच्या टाचेजवळ जे डिफरन्शियल-लॉकचे पायडल असते ते या खिळीचेच वंशज आहे. चिखलणीच्या वेळी बांधीत एक चाक फिरू लागले की चालक ते दाबतो आणि वळण्यापूर्वी सोडतो. आपल्या वरील हिशेबात कुलूप लागले की ५० अधिक ५००, म्हणजे ५५० किलोपर्यंतची ओढ हाती येते, आणि ३०० किलोचे काम सहज होते.

माणसाने खाली न उतरता, पायडलही न दाबता, गाडीने आपले आपण कुलूप लावावे हा शोध मात्र विसाव्या शतकाचा. १९३५ मध्ये जर्मनीत फर्डिनांड पोर्शे यांच्या सांगण्यावरून झेडएफ या कारखान्याने शर्यतीच्या मोटारीसाठी घसरण आवरणारे डिफरन्शियल तयार केले. १९५६ मध्ये अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने तसलेच विक्रीच्या मोटारीत दिले. १९७३ पासून ईटन कंपनीचे आपोआप जखडणारे डिफरन्शियल जनरल मोटर्सच्या ट्रकांत बसू लागले. त्याच घराण्यातले डिफरन्शियल २०१५ साली आपल्या महिंद्र थारमध्ये आले. याशिवाय हवेच्या दाबाने किंवा विजेच्या कळीने लागणारी कुलुपेही आहेत.

आपल्या तरुण शेतकऱ्याच्या गाडीतले कुलूप ईटनच्या रीतीचे होते. त्याच्या पोटात एक लहानसा नियंत्रक असतो. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला गोळ्यांचा नियंत्रक लावला, त्याच तत्त्वावर हा चालतो. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की त्याची वजने गोफणीतल्या दगडासारखी बाहेर फाकतात, एका अडसराला अडकतात, आणि त्या अडकण्यातून चकत्यांचे गठ्ठे दाबले जाऊन दोन्ही चाके एक होतात. वळणावर एवढा फरक पडत नाही, म्हणून तेथे ते मोकळे राहते. ताशी सुमारे ३० किलोमीटरच्या पुढे ते मुद्दामच लागत नाही, कारण वेगात अवचित कुलूप लागणे जिवावर बेतते. पायावरचा दाब सोडला, ओढ उलटली, की ते पुन्हा सुटते.

हा इतिहास आम्ही एवढ्या विस्ताराने सांगितला, कारण त्यातील प्रत्येक जमान्याने दुरुस्ती करणाऱ्यासाठी एकेक प्रश्न मागे ठेवला आहे. मूलच्या एका वयस्क मिस्त्रींकडे ती पिकअप आली तेव्हा आम्ही जवळ उभे होतो. त्यांना हा इतिहास कोणी शिकविलेला नव्हता. तथापि त्यांचे प्रश्न नेमके याच क्रमाने आले.

पहिला प्रश्न बंडीचा. दोन्ही चाके आपापल्या जागी मोकळी फिरतात का? ब्रेक धरून बसलेला नाही ना, बेअरिंग कुरकुरत नाही ना? चाकच अडले असेल तर डिफरन्शियलला बोल लावण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रश्न रेल्वेचा. दोन्ही मागच्या चाकांचा घेर सारखा आहे का? एक टायर नवा आणि दुसरा गुळगुळीत, एक भरलेला आणि दुसरा नरम, किंवा मापेच वेगळी, असे असले तर सरळ रस्त्यावरही आतली चाके अहोरात्र फिरत राहतात, चकत्या झिजतात आणि कुलपाचा स्वभाव बिघडतो. या गाडीत उजवा टायर महिन्यापूर्वी नवा घातलेला होता. मिस्त्रींनी नापसंती दाखविली आणि जोडी सारखी करावयास सांगितले; परंतु महिन्याभरात कुलूप जावे एवढे हे कारण नाही असेही ते म्हणाले.

तिसरा प्रश्न पेकर घड्याळजीचा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावून, इंजिन बंद ठेवून, गिअर मोकळा करून, मागचा आस दोन भक्कम घोड्यांवर टेकवावा आणि एक चाक हाताने हळू फिरवावे. या जातीच्या डिफरन्शियलात दुसरे चाक उलट दिशेने फिरले तर आतले जू शाबूत आणि कुलूप मोकळे. दोन्ही एकाच दिशेने फिरू लागली तर कुलूप लागूनच राहिले आहे. खरखर किंवा हिसका जाणवला तर दात किंवा बेअरिंग यांचा संशय घ्यावा. येथे दुसरे चाक उलट दिशेने, लोण्यासारखे फिरले.

चौथा प्रश्न वाफेच्या इंजिनाच्या खिळीचा. कुलपाला हुकूम पोचतो का? पायडलाचे कुलूप असेल तर दांडी गंजली का, स्प्रिंग गेली का ते पाहावे. हवेचे असेल तर नळी गळते का, विजेचे असेल तर फ्यूज आणि तार जाग्यावर आहे का ते पाहावे. चिखलात धावणाऱ्या गाडीची तार तुटणे हे आतले दात तुटण्यापेक्षा कितीतरी अधिक संभवनीय असते. आपोआप लागणाऱ्या कुलपाला हुकूम देणारा एकच, तो म्हणजे दोन चाकांच्या गतीतील फरक.

येथे मिस्त्री थांबले आणि गाडी चालविणाऱ्या काकांकडे वळले. हे काका शेतकऱ्याचे नात्यातले. अनेक वर्षे लाकडाचे ट्रक चालविलेले. “काका, रुतली तेव्हा चाक किती जोरात फिरू दिलं?” काकांना हा प्रश्नच अपमानाचा वाटला. “जोरात कशाला फिरवीन जी? खड्डा करायचा आहे का? हळूहळूच दाबत होतो.”

उत्तर सापडले होते. काकांची सवय जुन्या ट्रकांच्या शाळेतली, आणि त्या शाळेत ती योग्यच होती. साध्या डिफरन्शियलला चिखलात जितके हळुवार वागवावे तितके चांगले. परंतु या नव्या कुलपाला ठराविक फरक दिसल्याशिवाय ते जागे होत नाही. मिनिटाला १०० फेरे म्हणजे सेकंदाला दीड-पावणेदोन फेरे. काकांनी चाक त्याच्या आतच ठेवले. ते चिखलात उतरत गेले, आणि कुलूप वाट पाहत राहिले. उलटपक्षी कोणी एकदम पाय ठोकून दिला असता तर कुलूप आदळून लागले असते आणि दात किंवा अडसर खरोखरच तुटला असता. मधला मार्ग असा की, पाय स्थिरपणे वाढवीत न्यावा, ‘टक्’ असा आवाज आला की घाबरू नये, आणि त्या दाबावर गाडी बाहेर काढावी.

पाचवा प्रश्न तेलाचा, म्हणजे पुन्हा बंडीच्या वंगणाचा. तेल काढून पाहिले. चुंबकाच्या बुचावर काळसर मऊ लेप होता. तो साधारण झिजेचा असतो. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचे तुकडे असते तर झाकण उघडणे भाग होते. कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचे नवे तेल घातले, कारण चकत्यांच्या कुलपाला भलते तेल चालत नाही. मग भातगिरणीच्या मागच्या ओल्या जागेत, माणसे दूर उभी करून, एक चाक चिखलात घालून काकांनीच गाडी चालविली. दोनदा चाक फिरले, ‘टक्’ झाले, आणि गाडी सरळ बाहेर आली. काका काही बोलले नाहीत. फक्त पुन्हा एकदा चिखलात गाडी घालून त्यांनी ते स्वतःची खात्री होईपर्यंत करून पाहिले. खर्च तेलाचा आणि मिस्त्रींच्या मजुरीचा. वाळलेले पऱ्हे मात्र परत आले नाहीत.

जाता जाता एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे, कारण येथे प्रश्न पैशांचा नसून प्राणांचा आहे. कुलपाच्या गाडीचे एकच मागचे चाक जॅकवर उचलून इंजिन कधीही गिअरमध्ये चालवू नये. उचललेले चाक फिरू लागेल, कुलूप लागेल, आणि जमिनीवरचे चाक गाडीला जॅकवरून पुढे ढकलून देईल. साध्या डिफरन्शियलच्या गाडीतही केवळ गिअरवर विसंबून एक मागचे चाक उचलू नये. उचललेले चाक उलट फिरते, जमिनीवरचे सुलट फिरते, आणि गाडी घरंगळते. जुन्या जीपचा हातब्रेकही अशा वेळी कामाचा नाही, कारण तो दांड्याला धरतो, चाकांना नाही. ओट लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नये. त्याचप्रमाणे हाताने किंवा पायाने लावलेले कुलूप डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी सोडावे. साडेनऊ मीटरचा तो हिशेब तेथे आपली वसुली केल्यावाचून राहत नाही.

श्रोतेहो, या साऱ्या प्रकरणात तुटलेले असे काहीच नव्हते. यंत्र आपल्या जन्माचा नियम पाळीत होते, काका आपल्या अनुभवाचा. दोघांची भेट मात्र झालेली नव्हती. दुरुस्तीखान्यातल्या माणसाने लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. पूर्वी केव्हा चालले, मध्ये काय बदलले, चालविणारा कोण, हे न विचारता त्याने निकाल दिला एवढेच. इतिहासाचा अभ्यासकही साक्षी न घेता निकाल देऊ लागला म्हणजे त्याच्याही हातून असेच भलतेच भाग बदलले जातात. मूलहून गडचिरोलीकडे जाताना पावसाळ्यात एखादी गाडी कडेला रुतलेली दिसली तर ढकलण्यास जरूर उतरा. पण मागे, फिरत्या चाकाच्या रोखाने उभे राहू नका, आणि जोर लावण्याआधी चालकाला विचारा की, दोन चाकांपैकी कोणते फिरते आहे आणि किती.